झाडाचं आहे म्हणून प्रवाळाला चालेल?

प्रश्न : मी साबण आणि बाम बनवून विकते. आता प्रवाळांना धोका नसलेलं, शंभर टक्के वनस्पतीजन्य सनस्क्रीन करायचं मनात आहे. रासबेरीच्या बियांच्या तेलाचा एसपीएफ २८ ते ५० आणि गाजराच्या बियांच्या तेलाचा ४० असतो, असं वाचलं. ही दोन तेलं, शिया बटर आणि मेण एवढ्यावर भागेल ना? ताई, प्रमाण सांगा.

प्रमाण सांगत नाही, कारण कुठल्याच प्रमाणात भागणार नाही. हे आकडे मला सारखं कुणी ना कुणी पाठवत असतं, म्हणून त्यांची कुळकथा एकदाची सांगून टाकते.

२००० साली रासबेरीच्या बियांच्या तेलावर एक शोधनिबंध आला. तेल अतिनील पट्ट्यातला किती प्रकाश अडवतं, हे त्यात यंत्रावर मोजलं होतं. तो आलेख टायटॅनियम डायऑक्साइडच्या, २८ ते ५० एसपीएफ असलेल्या मिश्रणांच्या तोडीचा आहे, असं एक वाक्य त्यात होतं. माणसाच्या त्वचेवर तेल लावून कुणी काही मोजलं नव्हतं. पुढे सांगोवांगीत त्या वाक्यातलं टायटॅनियम गळून पडलं आणि आकडा तेवढा तेलाला चिकटला. गाजराचं प्रकरण याहून मजेशीर. तिथे तेल तपासलंच नव्हतं. वनस्पतींचे अर्क घातलेली बाजारातली तयार क्रीम्स तपासली होती. ऑलिव्ह आणि खोबरेल तेलाचे ७-८ हे आकडे तुम्ही अजून वाचले नसतील तर वाचालच. तेही तेल अल्कोहोलमध्ये पातळ करून यंत्रावर काढलेले आहेत.

यंत्रावरचा आकडा त्वचेवर का टिकत नाही? यंत्रात नमुना सहसा १ सेंटीमीटर रुंदीच्या काचपात्रात ठेवतात. एसपीएफची खरी चाचणी माणसाच्या पाठीवर होते. दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावायचं, दिव्याचं मोजून ऊन द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी लाली किती आली ते बघायचं. २ मिलिग्रॅमचा थर भरतो साधारण २० मायक्रॉनचा, म्हणजे काचपात्राच्या पाचशेवा भाग. शिवाय तेल त्वचेवर सपाट बसत नाही. ते रेषांमध्ये उतरतं आणि उंचवटे उघडे पडतात. (आणि प्रत्यक्षात लोक २ मिलिग्रॅमच्या निम्मंसुद्धा लावत नाहीत, पण तो राग मी दुसऱ्या कुठल्या तरी अंकासाठी राखून ठेवते.)

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ऊन शोषून घेणं हे फिल्टरचं, म्हणजे सनस्क्रीनमधल्या ऊन अडवणाऱ्या घटकाचं, अर्धंच काम. शोषलेल्या ऊर्जेचं पुढे काय करायचं, यावर सगळं ठरतं. चांगला फिल्टर ती क्षणार्धात उष्णता करून सोडून देतो, पूर्ववत होतो आणि पुढच्या किरणाला तयार राहतो. हे दिवसभर, न तुटता चालायला हवं. वनस्पतींमधले कितीतरी रेणू ऊन छान शोषतात आणि मग गोंधळ घालतात. दाबून काढलेल्या लिंबाच्या तेलात आणि बर्गमॉटच्या तेलात फ्युरोकूमरिन्स असतात. ती यूव्हीए (लांब लहरींचे अतिनील किरण) शोषतात आणि ती ऊर्जा वापरून थेट पेशींनाच इजा करतात. त्वचेवर भाजल्यासारखे फोड येतात, डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. ‘नैसर्गिक’ सनस्क्रीनला वास चांगला यावा म्हणून नेमकी हीच तेलं थेंबथेंब घातलेली मी पाहिली आहेत. तुमचं रासबेरीचं तेल इतकं खट्याळ नाही, पण त्यातली बहुतांश मेदाम्लं बहुअसंतृप्त आहेत. उन्हात ती लवकर खवट होतात. उन्हात लावायच्या वस्तूचा पायाच उन्हात नासणारा असेल तर कसं चालेल?

आता समुद्राकडे. झाडाचं आहे म्हणून पाण्यातल्या जिवांना चालेल, हे गृहीतकच मला मान्य नाही. डेरिसच्या मुळांतलं रोटेनोन आणि कित्येक वनस्पतींमधली सॅपोनिन्स मासे मारायला पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली आहेत. एका प्रकारच्या शेवंतीच्या फुलांतलं पायरेथ्रिन माशांना अत्यंत विषारी. आणि कापूरकचरीच्या कंदातला एक प्रमुख घटक बघा : एथिल मेथॉक्सिसिनॅमेट. ज्या ऑक्टिनॉक्सेट नावाच्या फिल्टरची सनस्क्रीन विकायला हवाईनं बंदी घातली, त्याचा हा सख्खा भाऊ. त्याच आम्लाचा एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जोडून होणारं संयुग), फक्त शेपटी आखूड. ऑक्टिनॉक्सेट कारखान्यात तयार होतं आणि हा कंदात, एवढ्यावरून प्रवाळाला एक चालतो आणि दुसरा चालत नाही, असं कोण सांगणार?

प्रश्न : सनस्क्रीनमुळे प्रवाळ मरतात हे खरंच सिद्ध झालंय, की नवी उत्पादनं खपवण्यासाठी उठवलेली आवई आहे?

दोन्हीच्या मधे कुठेतरी, आणि ‘मधे’ म्हणजे नेमकं कुठे हे सांगायला जरा जागा लागेल.

प्रयोगशाळेतले पुरावे भक्कम होत गेले आहेत. २००८ मध्ये इटालियन संशोधकांनी दाखवलं की सनस्क्रीनमधले काही घटक प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या शैवालातले सुप्त विषाणू जागे करतात आणि प्रवाळ पांढरे पडतात. २०१५-१६ मध्ये ऑक्सिबेन्झोन या फिल्टरमुळे प्रवाळाच्या पोहणाऱ्या अळ्या विद्रूप होतात, असा निष्कर्ष आला. त्यावरूनच कायदे सुरू झाले. पलाऊ या प्रशांत महासागरातल्या द्वीपदेशानं १ जानेवारी २०२० पासून दहा घटकांवर बंदी आणली. हवाईत १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. थायलंडनं २०२१ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यानांपुरती बंदी घातली.

मला स्वतःला सगळ्यात पटलेलं काम स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटाचं, २०२२ सालचं. त्यांनी प्रवाळाचा जवळचा नातेवाईक असलेलं समुद्रफूल वापरलं. ऑक्सिबेन्झोन मुळात सभ्य रेणू आहे. ऊन शोषतो, उष्णता सोडतो. पण समुद्रफुलाच्या शरीरात गेल्यावर त्याला ग्लुकोजची जोडणी होते. परकं काही आत आलं की ते विरघळवून बाहेर टाकायची ही नेहमीची पद्धत. त्या जोडणीनं नेमकी उष्णता सोडण्याची वाट बंद होते आणि तोच रेणू उन्हात विषासारखा वागू लागतो. सहजीवी शैवाल हे विष बरंचसं स्वतःत साठवून घेतं. म्हणजे उष्णतेनं आधीच शैवाल गमावलेला, पांढरा पडलेला प्रवाळ या माऱ्यात सगळ्यात आधी जाणार.

आता दुसरी बाजू. प्रयोगांतली मात्रा पुष्कळदा प्रत्यक्ष समुद्रात सापडणाऱ्या मात्रेहून जास्त असते. गर्दीच्या, उथळ, पाणी कोंडणाऱ्या खाडीत सनस्क्रीनचा प्रश्न खरा. खुल्या समुद्रात तो पातळ होत जातो. प्रवाळांचा मोठा शत्रू तापलेलं पाणी आहे. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी १ अंश सेल्सिअसनं वर जाऊन काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ पांढरे पडू लागतात. अमेरिकेच्या ‘नोआ’ या समुद्र-हवामान संस्थेनं एप्रिल २०२४ मध्ये चौथं जागतिक प्रवाळ-विरंजन (प्रवाळ पांढरे पडणं) जाहीर केलं, ते सनस्क्रीनमुळे नव्हे. सनस्क्रीन बदलून प्रवाळ वाचतील असं जो विकणारा सांगतो, त्याच्याकडून मी तरी काही घेणार नाही. आधीच आजारी असलेल्याच्या अंगावर आणखी एक ओझं नको, इतकाच माझा युक्तिवाद आहे आणि तो मला पुरेसा वाटतो.

प्रश्न : मी एका छोट्या कंपनीत फॉर्म्युलेशन बघतो. नॉन-नॅनो (म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं नसलेलं) झिंक ऑक्साइड फिल्टर म्हणून आणि बाकी सगळं वनस्पतीजन्य, असा आमचा प्रयत्न आहे. दोन तक्रारी : क्रीम काही आठवड्यांत घट्ट होऊन दाणेदार होतं, आणि बुरशी येते. प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून सोडियम बेन्झोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट आहेत. इमल्सिफायरमध्ये (तेल-पाणी एकत्र धरणाऱ्या घटकात) स्टिअरिक आम्ल आहे.

वाट बरोबर निवडली आहे. आज प्रामाणिकपणे वनस्पतीजन्य सनस्क्रीन करायचं तर ढाल खनिजाची आणि बाकी सगळं शरीर वनस्पतींचं, हाच मार्ग मला दिसतो. अमेरिकेच्या किंवा युरोपच्या मान्य फिल्टरांच्या यादीत वनस्पतीचा एकही अर्क नाही.

तुमच्या दोन्ही तक्रारींचा गुन्हेगार एकच : झिंक. ते निष्क्रिय पावडर आहे असं समजून आपण घालतो, पण ते सौम्य अल्कली आहे. स्टिअरिक आम्लाशी त्याची गाठ पडली की झिंक स्टिअरेट, म्हणजे झिंकचा साबण तयार होतो. हे एका दिवसात होत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात सगळं छान दिसतं. दाणे तिथूनच येतात. मोकळी मेदाम्लं काढून टाका. शुद्ध न केलेली, आम्लांक जास्त असलेली तेलंही काढा. कार्बोमरसारखं जेल वापरत असाल तर तेही जाईल. झिंकचे आयन त्याची ताकद काढून घेतात.

बुरशीचं कारण पीएच. बेन्झोएट काम करतं ते बेन्झॉइक आम्लाच्या रूपात, आणि त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मा भाग आम्लरूपात असतो तो आकडा, ४.२ आहे. झिंक घातलेलं क्रीम ७ च्या आसपास जाऊन बसतं. तिथे हजारात दोन भागही आम्लरूपात उरत नाहीत. तुम्ही प्रिझर्व्हेटिव्ह घातलंय खरं, पण ते झोपलेलं आहे. सायट्रिक आम्लानं पीएच खाली आणायला जाऊ नका. झिंक विरघळेल, आयन सुटतील आणि पीएच पुन्हा वर येईल. मग पीएचची पर्वा न करणारी जोडी बघा : ग्लिसरिल कॅप्रिलेट आणि उसाच्या चिपाडापासून मिळणारं पेंटिलीन ग्लायकॉल. सगळे फिनॉक्सिएथेनॉलकडे धावतात, पण ते आणि काही पॅराबेन पलाऊच्या दहांच्या यादीत आहेत. फिल्टर सुधारून प्रिझर्व्हेटिव्हवर अडकणारे पुष्कळ भेटतात.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे पाणीच न घालणं. बिनपाण्याचा बाम किंवा स्टिक केलीत तर बुरशीचा प्रश्न जवळपास मिटतो आणि पाण्यात टिकण्याचा प्रश्नही हलका होतो. पाणी हवंच असेल तर ते तेलाच्या आत बंद करा, तेलातलं पाणी असं इमल्शन. त्यासाठीचे पॉलिग्लिसरिल इमल्सिफायर एरंडेलापासून बनतात. झिंकचे कण सुटे ठेवणारं पॉलिहायड्रॉक्सिस्टिअरिक आम्लही एरंडेलाचंच. नावात ‘आम्ल’ आहे म्हणून वर सांगितलेल्या नियमाला घाबरू नका. त्याचं आम्लाचं टोक झिंकच्या कणाला चिकटून बसतं आणि लांब शेपटी कणांना एकमेकांपासून दूर ठेवते. तिथे ती गाठ आपल्याला हवीच आहे. एरंडेलावर मी थोडी भाळलेली आहे, हे कबूल.

कण सुटे राहणं किती महत्त्वाचं आहे ते एकदा डोळ्यांनी बघा. काचेच्या पट्टीवर क्रीमचा पातळ, एकसारखा थर ओढा आणि यूव्ही कॅमेऱ्यात धरा. साध्या डोळ्यांना पांढरा दिसणारा थर तिथे काळा दिसतो, कारण झिंक यूव्ही गिळतं. पावडर थेट टाकून हँड ब्लेंडरनं फिरवलेलं क्रीम असेल तर त्या काळ्यात उजळ ठिपके दिसतील. आजूबाजूचं झिंक गुठळ्यांनी ओढून नेलं आणि तिथून यूव्ही आरपार येतंय. तेच झिंक, तेवढंच प्रमाण, पण तेलात आधी नीट घोटलेलं असेल तर थर सलग काळा. म्हणून लहान उत्पादकांना माझा सल्ला असतो की पावडर घेऊ नका, नारळापासूनच्या कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइडमध्ये तयार घोटून आलेलं डिस्पर्शन घ्या. महाग पडतं, पण फुकट जात नाही.

नॉन-नॅनो आणि वर लेप दिलेलं झिंक, हे दोन्ही धरून ठेवा. लेप नसलेल्या झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांनी ॲक्रोपोरा प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरे पडल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. खनिज आहे म्हणून निर्धोक, हाही झाडाचं आहे म्हणून निर्धोक या गैरसमजाचाच भाऊ.

एक धोक्याची सूचना. झिंक कमी करून ज्येष्ठमध किंवा बिसाबोलोलनं एसपीएफ ‘वाढवायचा’ सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. एसपीएफ लालीवरून मोजतात आणि हे घटक लाली दाबतात. आकडा वाढेल, पण पेशींपर्यंत पोचणारं ऊन तेवढंच राहील.

प्रश्न : मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. वनस्पती तर दिवसभर उन्हातून हलूही शकत नाहीत. मग त्यांचं स्वतःचं सनस्क्रीन आपण का उचलत नाही?

उचलायचा प्रयत्न जोरात चालू आहे आणि माझ्या कामातला सगळ्यात गमतीचा भाग हाच आहे. मोहरीच्या कुळातल्या वनस्पती पानांच्या वरच्या थरात सिनॅपॉइल मॅलेट साठवतात. तो यूव्हीबी (आखूड लहरींचे अतिनील किरण) अडवतो आणि ऊर्जा झटक्यात उष्णतेत बदलतो. त्याच्या रचनेवर बेतलेले नवे रेणू तयार होत आहेत. लाकडातलं लिग्निन सगळ्या पट्ट्यात शोषण करतं, पण क्रीम तपकिरी होतं आणि ते रोज कोण लावणार?

खरे हिरे आहेत मायकोस्पोरिनसदृश अमिनो आम्लं. लाल शैवालात सापडणारे शिनोरिन आणि पॉर्फिरा-३३४ हे त्यातले दोन. ३३४ हा त्यांच्या शोषणाचा कळस, नॅनोमीटरमध्ये. शोषण अफाट, रेणू टिकाऊ, मुक्त मूलकं (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) जवळजवळ नाहीत. आणि प्रवाळांच्या ऊतींत हेच रेणू आधीपासून असतात! उथळ पाण्यातल्या प्रवाळांचं हेच सनस्क्रीन. आपण शोधतोय त्याचं उत्तर प्रवाळाच्याच अंगात आहे म्हटलं तरी चालेल.

अडचणी दोन. शैवालात त्यांचं प्रमाण फार थोडं, त्यामुळे समुद्रातून गोळा करून जगाला पुरवायचं तर शैवालाचाच बळी जाईल. ती वाट सुटू शकते : २०१० मध्ये बाल्स्कस आणि वॉल्श यांनी सायनोबॅक्टेरियातली हे रेणू बनवणारी जनुकं ओळखली, आणि आता सूक्ष्मजीवांकडून ते बनवून घेण्याचं काम होतं आहे. दुसरी अडचण माझ्या टेबलावरची : हे रेणू पाण्यात सहज विरघळतात. पोहायला गेलं की अंगावरून निघून जाणार. त्यांना तेलात कसं बसवायचं, किंवा एखाद्या मोठ्या साखळीला कसं बांधायचं, की ते त्वचेवर राहतील पण उष्णता सोडायची वाट बंद होणार नाही? वर ग्लुकोजच्या जोडणीनं ऑक्सिबेन्झोनचं काय झालं ते वाचलंत ना. तुम्हाला प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर हा घ्या.

प्रश्न : हळद किंवा कोरफडीचा गर लावून समुद्रावर गेलं तर?

नको. हळदीतलं कर्क्युमिन मुख्यतः दृश्य निळा प्रकाश शोषतं आणि उन्हात स्वतःच मोडतं. कोरफड भाजल्यावर थंडावा देईल. भाजणं टाळणार नाही.

प्रश्न : आमच्या ट्यूबवर ‘रीफ-सेफ’ लिहायचं आहे. कुठली परवानगी लागते?

बहुतेक ठिकाणी कुठलीच नाही, आणि हीच तर पंचाईत आहे. दोन घटक वगळले की कुणीही लिहितं. मी तुमच्या जागी असते तर तो शब्द न छापता काय काय नाही आणि काय तपासलं ते छापलं असतं. तयार मालावर चाचण्या करून घ्या, एकेका घटकावर नव्हे : ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ठरावीक चाचण्यांपैकी जैवविघटनासाठी क्रमांक ३०१, शैवालाच्या वाढीसाठी २०१, डॅफ्निया या पाणपिसवेसाठी २०२. या प्रवाळावरच्या चाचण्या नाहीत, पण जे या तीनमध्येच नापास होतं ते प्रवाळापर्यंत न्यायचं कारण उरत नाही. ऐपत असेल तर प्रवाळाच्या अळ्यांवरची चाचणी देणारी प्रयोगशाळा गाठा. ‘न धुतली जाणारी’ असं तर मुळीच लिहू नका. अमेरिकेत ४० किंवा ८० मिनिटं असं नेमकं सांगावं लागतं, ते योग्यच आहे.

प्रश्न : मी बनवत नाही, फक्त स्नॉर्केलिंगला जातो. थोडक्यात सांगा.

लांब बाह्यांचा, यूपीएफ (कापडाचा ऊन अडवण्याचा आकडा) ५० चा पोहण्याचा शर्ट आणि लेगिंग घाला. त्यातून पन्नासावा भाग ऊन आत येतं आणि समुद्रात काहीच जात नाही, त्यामुळे अंगाला लागणारं सनस्क्रीन निम्म्याहून कमी होतं. उरलेल्या भागाला, म्हणजे चेहरा, कान, हातांची मागची बाजू यांना नॉन-नॅनो झिंकचं क्रीम पाण्यात उतरण्याआधी पंधरा मिनिटं लावा आणि बसू द्या. स्प्रे घेऊ नका, निम्मा वाळूवर पडतो. मानेला मागून, आणि लेगिंग आखूड असेल तर पोटऱ्यांनाही लावायला विसरू नका. तोंड खाली घालून तरंगताना ऊन तिथेच लागतं.